रफू केलेला स्वेटर

नको तिथे चौकशा करायची माझी खोड जुनीच. आई वैतागून म्हणायची, "मेलेल्यालाही गप्प पडू देणार नाहीस." पुढे पनवेलला शवविच्छेदन हेच माझं काम झालं.

एका हिवाळ्यात बेलपाड्याकडून एका तरुणाचं प्रेत आलं. छातीत बंदुकीची जखम. रानडुकरांसाठी घरात ठेवलेली बंदूक धाकट्या भावाच्या हातात सापडली होती. तो म्हणे, भांडणात दोघांनी ती ओढली आणि बार उडाला. पोलीस म्हणत, लांब उभं राहून नेम धरला. धाकट्याची जन्मठेप त्या अंतरावर अडली होती.

नळी अंगाला भिडलेली असेल तर जखमेभोवती काजळी बसते, कातडी होरपळते. इथे कातडी स्वच्छ होती. पोलिसांचंच खरं वाटत होतं. पण ऐन थंडीत उघड्या अंगाने भांडतं कोण? काजळी कपड्यांनीच गिळली असेल तर? विचारलं, तर कळलं की पहिल्या दवाखान्यात कपडे उतरवून घरच्यांच्या हाती दिले होते.

हवालदार स्वेटर घेऊन आला, मागोमाग त्या मुलांची आईही. स्वेटर स्वच्छ धुतलेला, छातीवरचं भोक सुबक रफू केलेलं! मी कपाळाला हात लावला.

"अहो, धुतलात कशाला?"

"धाकट्याकडं स्वेटर नाय, बाय. कोठडीत थंडी आसल ना."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. कुतूहल मात्र हटेना. काजळी धुऊन जाते, पण नळीच्या जाळाने नायलॉनचा धागा एकदा वितळला की वितळला. मी कात्री उचलली, तसा तिने स्वेटर पोटाशी धरला.

"हा इथे राहिला तर कदाचित तो घरी येईल," मी म्हटलं.

तिने स्वेटर माझ्यापुढे ठेवला. "मंग उसव. पुन्ना शिवन मी."

टाके निघाले. भिंगाखाली भोकाच्या कडेने वितळून कडक झालेले मणी दिसले, मोहरीहून बारीक. नळी भिडलेलीच होती. लांबून नेम धरल्याची गोष्ट तिथेच मोडली. मला इतका आनंद झाला की त्या बाईसमोर त्याची लाज वाटली.

खटल्यातून धाकटा सुटला. स्वेटर परत मिळाल्यावर आई त्याला घेऊन मला भेटायला आली. मे महिना, पनवेलचा उकाडा. पोरगा घामाने निथळत होता. अंगात तोच स्वेटर, छातीवर नवं रफू.

"काढ की रे," मी म्हटलं.

त्याने आईकडे पाहिलं, आणि काढला नाही.