चौथी चिठ्ठी

बाइंडरबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. नवरा होता तोवर तो तशी हाक मारायचा. तो गेला आणि दुकान, पुठ्ठे कापायची सुरी, खळीचं पातेलं आणि हे टोपणनाव, सगळं बाईंच्या वाट्याला आलं. दिवसभर शाळांची रजिस्टरं बांधायची आणि दुपारी दार ओढून घेऊन कापणीतून उरलेल्या कागदांवर लिहायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. आई कादंबरी लिहिते हे पोटच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. त्याला तिच्या हातांचा खळीचा वास तेवढा ठाऊक.

एकदा गणिताचे एक मास्तर आपली कादंबरी घेऊन आले. सात प्रकाशकांकडून ती परत आली होती, निदान बांधून तरी ठेवावी म्हणाले. बाईंनी बांधता बांधता वाचून काढली आणि हातात देताना म्हणाल्या, "नववं प्रकरण काढून टाका. बाकी सोनं आहे." मास्तर जागीच गार! सात जणांनी नाकारली होती, पण वाचली कुणीच नव्हती.

तिथून सगळं सुरू झालं. पोस्टातले टपालराव आणि दवाखान्यातल्या सिस्टर येऊन मिळाल्या. दोघांकडेही परत आलेल्या कादंबऱ्या होत्याच. कुणाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, आपली पुस्तकं आपणच काढायची, असं चौघांनी ठरवलं. छपाई बाहेर, बांधणी बाईंकडे.

लेखक जमले की भांडण आलंच, म्हणून नियम कडक केला. प्रत्येक हस्तलिखित एकाच टायपिस्टकडून टाइप करून घ्यायचं, वर नावाऐवजी आकडा. नाव बंद पाकिटात, बाईंच्या कपाटात. चौघांनी वाचायचं, चौघांनी चिठ्ठी लिहायची. चारही चिठ्ठ्यांवर 'हो' असेल तरच पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं. एक जरी 'नाही' निघाली, तर बाईंनी एकटीने पाकीट उघडून हस्तलिखित गुपचूप परत करायचं. मास्तरांची कादंबरी अशीच पहिली निघाली. ती कुणाची हे बाईंना पहिल्याच पानावर कळलं होतं, पण नियम म्हणजे नियम. मग टपालरावांची निघाली, सिस्टरची निघाली. बाहेरचे लोकही पाठवायला लागले.

आकडा चौदा ही दोन बहिणींची गोष्ट होती. एका घरात राहतात आणि अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. तीन चिठ्ठ्या उघडल्या, तिन्हींवर 'हो'. मास्तर तर आनंदाने खुर्चीतून उठलेच होते. बाईंची चिठ्ठी नेहमी शेवटी पडायची, कारण त्यांचे हात खळीने भरलेले असायचे. त्यांनी सावकाश हात धुतले, पदराला पुसले आणि पेन्सिल उचलली. तिघं तोंडाकडे बघत होते. आता आपण 'हो' लिहिलं की आपल्याच हाताने आपलं पुस्तक निघणार. आपलंच घोडं पुढे दामटल्यासारखं त्यांना वाटलं, फार लाज वाटली. त्यांनी 'नाही' लिहिलं.

मास्तर पुढे दीड महिना त्यांच्याशी बोलले नाहीत.

परत कुणाकडे करणार? त्याच आठवड्यात मास्तरांची दुसरी कादंबरी बांधणीला आली होती. पुस्तकाच्या पाठीला आतून डकवायला जुन्या कागदाच्या पट्ट्या लागतातच. बाईंनी आकडा चौदा सुरीखाली धरला, पट्ट्या कापल्या आणि चारशे प्रतींच्या पाठीत डकवून टाकल्या. कच्चा खर्डाही रद्दीत घातला. पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

अकरा वर्षं गेली. टपालराव वारले, सिस्टर मुलीकडे राहायला गेल्या, प्रकाशन आपोआप थांबलं. मास्तरांनी अंथरूण धरलं. बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी उशीखालून आपली दुसरी कादंबरी काढली. पाठ उसवली होती.

"बांधून आणा. आणि बाई, मनात ठेवून मरायचं नाही म्हणून बोलतो. त्या दोन बहिणींना तुम्ही नाही म्हणालात, ते मी अजून माफ केलेलं नाही. लेखकाला कळवलंत तरी का, की तिघांनी हो म्हटलं होतं?"

"कळवलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

घरी येऊन बाईंनी पुस्तकाच्या पाठीवर ओलं फडकं ठेवलं. कागद भिजल्यावर पट्टी हलक्या हाताने सोडवली, वाळवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या खाटेशी बसून वाचली. "धाकटीने दोन कप चहा केला. एक टेबलावर ठेवला आणि कुणालाही हाक न मारता ती आत निघून गेली."

मास्तरांनी डोळे मिटले होते. "थोरलीने तो गार होऊ दिला, मगच प्यायली," ते म्हणाले. "पुढे?"

"पुढचं नाही माझ्याकडे. आठवतही नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. पट्टीकडे बघितलं, मग बाईंच्या हातांकडे.

"तुमची होती?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मग 'नाही' का लिहिलंत, बाई?"

"स्वतःच्याच पुस्तकाला 'हो' कसं लिहायचं?"

"अहो, माझं पुस्तक चार 'हो'वर निघालं. चौथा कुणाचा होता? टपालरावांच्या वेळी कुणाचा होता? सिस्टरच्या वेळी?" मास्तरांना धाप लागली. "आम्ही सगळ्यांनी आपापल्या पुस्तकाला 'हो' लिहिलं, बाई. न लाजता लिहिलं."

बाईंनी ती पट्टी घडी न घालता मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतक्या वर्षांत त्या पुस्तकासाठी त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

"तुम्ही लिहिलंत तेव्हा," त्या म्हणाल्या, "मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं."