राखेची विहीर
परवा दिवाळीसाठी निळ्या रांगोळीची पुडी फोडली आणि बोटांना लागलेल्या त्या भुकटीनं मला थेट इंदापूर तालुक्यातल्या एका गावात नेलं. तेव्हा मी विद्यापीठात पर्यावरण नियोजन शिकत होते, आणि गावकऱ्यांकडूनच जमिनीवर गावाचा नकाशा काढून घ्यायचा, असं आमचं काम होतं. देवळापुढं बायका उकिडव्या बसल्या, तापलेल्या मातीवर रांगोळीचे रस्ते, ओढा, डाळिंबाच्या बागा उमटत गेल्या. पूर्वी मेंढरं राखलेल्या एका आजींनी मात्र पाण्यासाठी ठेवलेला निळा रंग बाजूला सारला आणि आपल्या विहिरीच्या जागी चुलीतली राख टाकली. "पाणी वास मारतंय बघ. शेरडंबी तोंड लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. मी ते वहीत लिहून घेतलं, नकाशाचा फोटो काढला, काम संपलं. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या घरांची माहिती घ्यायला गेले, तर आजी भर उन्हात काठी घेऊन नकाशापाशी बसलेल्या. कडेनं दगड मांडलेले, राख उडाली म्हणून घरून नवी आणलेली. "सायेब बघूस्तवर पुसाय नगं. कवा येत्याल गं पोरी?" साहेब कुणी येणारच नव्हते, नकाशा आमच्या मार्कांपुरता होता. मी म्हणाले, "येतील, आजी," आणि खाली बसून विस्कटलेली एक रेघ नीट केली. अहवालाच्या पहिल्याच पानावर तो फोटो लागला. सर म्हणाले, रंगसंगती छान आहे. अजूनही दारची शिळी रांगोळी माझ्याच्यानं झाडवत नाही.