घटस्थापनेला करतो सही

दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळ. हजर: मी, शेजारच्या काकू, त्यांचा मुलगा. आमच्या घरी, वरच्या खोलीत, माझा नवरा. गैरहजर: काका, ज्यांची सही हवी होती.

आमचं जुईनगरचं रो-हाऊस अरुंद आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर. झोपायची खोली आणि संडास-बाथरूम वर. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं आणि तसंच परत वर आणलं. तेव्हापासून तो वरच आहे. फिजिओथेरपिस्ट बाई स्पष्ट म्हणाल्या, "ह्यांना रोज सपाट जागेवर चालवा. आणखी उशीर केलात तर पाय आखडेल, मग माझ्या हातात काही नाही." वर पलंग मांडल्यावर चार पावलांचीही जागा उरत नाही. उपाय एकच: मागच्या अंगणात बाथरूम बांधायचं आणि पलंग हॉलमध्ये आणायचा.

बांधकाम सामाईक भिंतींना लागून. म्हणून परवानगीच्या अर्जाआधी दोन्ही बाजूंच्या घरमालकांना लेखी कळवायचं आणि त्यांची ना-हरकत जोडायची. मी नकाशा करून घेतला, गवंडी ठरवला, पत्रं टाईप केली. डावीकडच्यांनी दारातच सही दिली. उजवीकडच्या काकांनी आधी चहा पाजला.

"हरकत कसली गं? तुझा नवरा चालायला लागला पाहिजे. पण पितृपक्ष चालू आहे, घराच्या कागदावर आत्ता सही नको. घटस्थापनेला करतो. चांगलं पेन काढून ठेवतो."

पत्र त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवलं. सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी काका झोपेतच गेले.

मी भेटायला गेले तेव्हा सुतकामुळे पूजा बंद होती आणि पत्र फळीवर तसंच होतं. अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मीही म्हटलं नाही, पण यावं तर लागणारच होतं. परवानगीच्या कार्यालयात चौकशी केली. घर काकांच्या नावावर, म्हणून आता काकू, मुलगा आणि मुलगी, तिघांच्या सह्या लागणार.

तेरावं झालं आणि आज गेले.

"वहिनी, तेराव्याची भाड्याची भांडी अजून परत गेली नाहीत," मुलगा म्हणाला, "आणि तुमचा कागद आला."

"लाज वाटतेय. तरी आलेय."

काकूंनी फळीवरचं पत्र घेतलं.

"आई, कुठेही सही करू नकोस. ताई उद्या म्हणेल, मला न विचारता घराचे कागद केले."

"बाथरूम त्यांचं बांधायचंय. आपलं घर कोण वाटतंय इथे?" काकूंनी चष्मा लावला. "ह्यांनी शब्द दिला होता." आणि सावकाश सही केली.

मुलाने पत्र माझ्याकडे सरकवलं. "ताईची आणा, मग मी करतो. आधी माझी मिळणार नाही."

बाहेर येऊन पायरीवरूनच काकूंच्या मुलीला फोन लावला आणि सहीचं सांगितलं. ती तळवलीला असते.

"माझ्या भावाने केली?"

"तुमची झाली की करतो म्हणालेत."

"वा. बाबांच्या तेराव्याला मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं त्याने. आधी त्याला करू दे." मग म्हणाली, "तुमचे मिस्टर कसे आहेत?"

"आडवेच आहेत."

"देव बरं करेल," म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी येऊन वर गेले. नवऱ्याने दाराचा आवाज ऐकला होता. "झालं?" हा शब्द आता त्याला नीट म्हणता येतो.

"एक झाली."

व्यायामासाठी गुडघा वाकवायला घेतला. गेल्या आठवड्यात जिथपर्यंत येत होता, तिथपर्यंत आज आला नाही. मी जोर लावला तसा तो कण्हला, आणि मी हात काढून घेतला. गवंड्याचा फोन वाजत होता. दुसरीकडे काम घेऊ का, हेच विचारणार होता. उचलला नाही.

राहिलेलं काम: तळवलीला जाऊन मुलीला समोर भेटणे.