गोडी शेवटी घालायची

वारूळवाडीजवळच्या एका लहानशा वायनरीत मी आल्यागेल्याला वाइनची चव समजावून सांगते आणि त्याचाच पगार घेते. निमगाव सावातली एक शेतकऱ्याची सून घोटभर वाइन तोंडात घोळवते, थुंकते आणि पुण्याच्या पाहुण्यांना शहाणपण शिकवते, याचं सुरुवातीला आमच्या भावकीला फार नवल वाटलं. आता त्याच भावकीतले लोक हळूच फोन करून विचारतात, "जावई यायचेत, कुठली चांगली?"

बुडबुडेवाल्या वाइनवर, म्हणजे स्पार्कलिंगवर, माझा विशेष जीव. तिच्या बाटलीवरच्या नावांनी भलेभले फसतात. 'ड्राय' वाचलं की माणूस धरून चालतो, हिच्यात साखर नसणार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बाटलीवर 'ब्रूट' लिहिलेलं असेल तर लिटरभर वाइनमध्ये साखर फार तर तीन छोटे चमचे. एक्स्ट्रा ड्राय तिच्याहून गोड, ड्राय आणखी गोड, आणि डेमी-सेक तर जिलबीच्या पंगतीला बसेल इतकी. मी हे सांगितलं की पाहुणे आधी हसतात, मग मोबाइलवर शोधतात, मग ग्लास पुढं करतात. आणि "आम्हाला गोड अजिबात नको" असं ठासून सांगणाऱ्यांचाच डेमी-सेकचा ग्लास आधी रिकामा होतो. मी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. तेवढं मला जमतं.

घरच्या माणसाला हेच पटवणं मात्र वेगळं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांची हयात काळ्या जम्बो द्राक्षांत गेली. त्यांचा माल गोडच असणार, ही त्यांची बाजारातली पत. माझ्याच शब्दावर त्यांनी एका तुकड्यात वायनरीसाठी शेनिन जातीची द्राक्षं लावली होती. यंदा तिचं पहिलं पीक. वायनरीनं त्यातून स्पार्कलिंग करायचं ठरवलं आणि काढणीचा दिवस कळवला. माल हवा तसा पोचला तर पुढेही घेणार होते. नाहीतर वेली उपटून पुन्हा जम्बो, आणि शेतीच्या गोष्टीत मी परत तोंड घालायचं नाही, हे मामांनी लावतानाच बजावलं होतं.

काढणीच्या आदल्या दुपारी मी काउंटरवर असताना नवऱ्याचा फोन आला. मामांनी काढणीच्या टोळीला उद्या येऊ नका म्हणून सांगितलं होतं. आठवड्यानं या म्हणे!

मला राग आला, चांगलाच आला. सुट्टी मागून निघाले ती थेट बागेत. मामा वेलीखाली घड हातात घेऊन उभे होते.

"मामा, टोळीला का नको म्हणलात?"

"चाखून बघ." त्यांनी एक मणी पुढं केला. "आंबटढाण! आमी आसला माल कधी गाडीत भरला न्हाई. समदा तालुका नावं ठेवील. आठ दिस ऱ्हाऊ दे, मग बघ कशी साखर भरती."

"साखर भरली की वायनरी घ्यायची नाय."

"गोड माल घ्यायची न्हाई? येडी हाईत का काय ती लोकं!"

ही चूक जम्बोवालाच करू जाणे. मामांना कुणाला फसवायचं नव्हतं. उलट वायनरीला जरा बरा माल द्यावा, एवढाच त्यांचा विचार. आंबट द्राक्ष विकणं म्हणजे त्यांच्या लेखी दुधात पाणी घालणं.

मामा वाइनला शिवत नाहीत, त्यामुळे चव देऊन पटवायची सोय नव्हती. मी त्यांना घरी आणलं, पडवीत बसवलं आणि लिंबं पिळायला घेतली.

"सरबताला येवढा पसारा?" सासूबाई म्हणाल्या.

लिंबाचा रस तीन पेल्यांत सारखाच. साखर मात्र पहिल्यात चिमूटभर, दुसऱ्यात जरा जास्त, तिसऱ्यात सढळ हातानं. "ही ब्रूट, ही ड्राय, ही डेमी-सेक. प्या." मामांनी एकेक घोट घेतला. मग मी चौथा पेला दिला. त्यात साखर भरपूर, लिंबू नावाला.

मामांनी तोंड वाकडं केलं. "पाणचट हाये."

"तुमचा माल आठ दिवसांनी असा व्हनार. ही वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबती, तवा बुडबुडे येत्यात आन साखर सरती. मग शेवटचं बूच लावायच्या आधी थोडा पाक घालत्यात. कुणाला किती गोड पायजे, ते तवा ठरतं. गोडी शेवटी घालता येती, मामा. वेलीवरचा आंबटपणा एकदा गेला की मागून आणता येत नाय."

मामांनी पहिला, चिमूटभर साखरेचा पेला उचलून पूर्ण संपवला आणि टोळीच्या मुकादमाला स्वतः फोन लावला. "पहाटं या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायनरीच्या फाटकाशी आमची पिकअप रांगेत उभी होती. मागच्या गाडीवाल्या शेतकऱ्यानं आमच्या क्रेटमधला मणी तोंडात टाकला आणि थुंकला. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट ऐकलं व्हतं. हितं तर मालकाचीच आंबट! आवं मामा, कच्चाच माल आणला का राव?"

रांग हसली. माल अजून तपासलाही नव्हता.

"आंबटच पायजे व्हता," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या सूनबाईनं सांगितलंय. तिला त्यातलं कळतं."

वाइनमेकर आले. त्यांनी मणी चिरडून साखर मोजायच्या मीटरवर रस धरला, एक मणी चावला आणि मान डोलावली. "आजच तोडलात, बरं झालं. आत घ्या."

क्रेट उतरत होते. मामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या बागेत काढणीची कात्री कधी लावायची, हे आजवर दुसऱ्या कुणी ठरवलेलं नाही, पोटच्या मुलानंसुद्धा नाही.

"पुढल्या साली ह्या तुकड्याला कात्री कधी लावायची, ते तू सांग," ते म्हणाले.

मला रडू आलं. सगळ्या रांगेदेखत आलं, आणि मी ते लपवलं नाही.