पिवळ्या गाडीतली खुळखुळ

गिरणी बंद पडल्यावर माझ्या वडिलांनी मुलुंडला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. आम्ही पाच माणसं एका खोलीत. आई दुपारी चार घरची भांडी घासायची. एक दिवस सोसायटीतल्या एका घरातून कॅमेरा गेला. वडिलांना चौकीत नेऊन बाकावर बसवलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं बसवलं. कॅमेरा त्याच घरच्या जावयाच्या बॅगेत सापडला तेव्हा 'जा' म्हणाले. पण सोसायटीने त्यांना परत कामावर घेतलं नाही. सेक्रेटरीने विचारलं, "तुमच्यावर काही नाही असं पोलिसांनी लिहून दिलंय का?" तसं कुणीच लिहून दिलं नव्हतं. पुढचं वर्ष आम्ही कसं काढलं ते मी इथे सांगत बसत नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.ए. झालो, परीक्षा दिली, फौजदार झालो. हे मी अभिमानाने सांगतो, कारण यातलं काही आयतं मिळालेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्त झाल्यापासून कुणी 'एखादी केस सांगा' म्हटलं, की खून-दरोडे मागे राहतात आणि एका गाडीतला आवाज आधी आठवतो. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तेव्हा मी अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरी समोर उघडी होती, आणि माझी निम्मी माणसं खिडकीला चिकटली होती. आवारात एक पिवळी स्पोर्ट्स कार उभी होती, जमिनीला टेकेल इतकी बुटकी.

"साहेब," आमचे हवालदार म्हणाले, "ह्यात बसायला आधी योगासनं शिकावी लागतील."

गाडीचा मालक तिशीतला. मढच्या कोळी कुटुंबातला. बंगला शूटिंगला भाड्याने देऊन घराला बरे दिवस आले होते, आणि महिन्याभरापूर्वी त्याने ही गाडी सेकंडहँड घेतली होती. लेखी तक्रार घेऊनच आला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजमध्ये गाडी सर्व्हिसिंगला दिली. परत आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आत खुळखुळ वाजायला लागलं. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, असले आवाज ओरिजिनल पार्ट काढून डुप्लिकेट बसवले की येतात.

"त्या मेकॅनिकने माझी वाट लावली, साहेब. गाडी दिली तेव्हा गप्प होती. आली आणि खुळखुळायला लागली. अजून काय पुरावा पाहिजे?"

मी म्हटलं, "आधी आवाज तर ऐकू."

हवालदार म्हणाले ते खरं होतं, आत शिरताना माझी कंबर धरली. एक फेरी मारली. सरळ रस्त्यावर शांत. डावीकडे वळलो की खुळखुळ, लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखी. ब्रेक मारला की एकच 'टक'. आवाज कुठून येतो ते मात्र कळेना. कधी वाटे दारातून, कधी पायाखालून.

असल्या तक्रारीत लगेच गुन्हा नोंदवायचा नसतो. आधी अर्जाची चौकशी होते. पण दुपारपर्यंत मला वरून दोन फोन आले, 'बघा जरा' म्हणून. मालकाच्या बंगल्यात मोठमोठी माणसं शूटिंगला येत, त्यामुळे ओळखी दांडग्या होत्या.

मी दोन पंच बोलावून आवारातच गाडीचा पंचनामा केला. या गाडीचं इंजिन मागे. पुढचं झाकण उघडलं तर नुसती सामान ठेवायची जागा. माझ्या पहिल्या साहेबांनी मला एक सवय लावली होती: जे कळतं तेवढंच लिहू नका, जे दिसतं ते सगळं लिहा. म्हणून मी सांगत गेलो आणि हवालदार लिहीत गेले. पुढच्या झाकणाखाली, काचेलगत, हवा आत घ्यायची एक उघडी जागा होती. तिच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याची गाठ होती. गाठ शाबूत, दोरा पुढे तुटलेला, लांबी अंदाजे दोन इंच.

"दोरा पण लिहू, साहेब?"

"लिहा."

"उद्या धूळ पण लिहायला लावाल."

"दिसली तर लिहाल."

मेकॅनिकला बोलावलं. पस्तिशीचा माणूस, मूळचा मालवणकडचा, दहिसरच्या चाळीत राहणारा. नखांत काळं ऑइल, आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत त्याचे सगळे कागद होते. त्याला आखातात एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती. व्हिसासाठी पोलिसांचा दाखला हवा होता, त्याच्या नावावर कुठेही गुन्हा नाही असा. दहिसरला अर्ज करून झाला होता आणि शुक्रवारपर्यंत दाखला दिला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. तो दिवस मंगळवार होता. मी गुन्हा नोंदवला असता तर दहिसरच्या कॉम्प्युटरवर तो दिसलाच असता.

"मी पार्टला हात लावला नाही, साहेब. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, गाडी धुतली. ट्रायल घेतली आणि दिली. त्यांनी परत आणली तेव्हा आवाज कसला येतोय ते मी पण चार तास शोधलं, नाही सापडला."

बोलणं सरळ वाटलं. मी त्याला घरी सोडलं.

बुधवारी सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव सांगितलं नाही. "जॉबकार्डवरचे किलोमीटर बघा. ती गाडी दहिसरला गेली होती. कशाला गेली विचारा त्याला." फोन बंद.

जॉबकार्ड म्हणजे गॅरेजची नोंद. गाडी येताना मीटर किती, जाताना किती, सगळं त्यावर असतं. मी मागवून घेतलं. ट्रायलला फार तर पाचेक किलोमीटर होतात. इथे फरक तीसच्या वर. अंधेरी ते दहिसर आणि परत, बरोबर तेवढंच.

खरं सांगतो, त्या क्षणी माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. दहिसरला नेऊन पार्ट काढले, असंच डोक्यात बसलं. हवालदारही म्हणाले, "घ्या साहेब नोंदवून. पार्टी वजनदार आहे, पुरावा पण आलाय." मी कॉम्प्युटरवर मसुदा टाइप करायला सांगितलं. त्यात आरोपी म्हणून त्याचं नाव पडलंसुद्धा.

मग त्याला पुन्हा समोर बसवलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. चहा मागवायचा, कागद समोर ठेवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं बहुतेकांना सहन होत नाही. त्याने जॉबकार्ड पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"दहिसरला कोण भेटलं?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग गाडी हवा खायला गेली होती?"

त्याने कप बाजूला सरकवला. मी अंगावरच गेलो. "शुक्रवार जवळ आलाय. खोटं बोलशील तर मी मदत करू शकणार नाही."

"बाबांना दाखवायला नेली, साहेब."

"काय दाखवायला?"

"गाडी. बाबांना आता जिना उतरवत नाही. खिडकीत बसून असतात. त्यांना वाटतं मी गॅरेजमध्ये पंक्चर काढतो. म्हटलं, जायच्या आधी एकदा बघू देत, पोरगा काय दुरुस्त करतो ते. खाली उभी केली, हॉर्न वाजवला, पाच मिनिटांत परत फिरलो."

"काय म्हणाले?"

त्याला हसू आलं, तसल्या परिस्थितीतही. "म्हणाले, 'ह्या गाडयेत माणूस बसता खंय रे? ही तर चप्पल.'"

हवालदार तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही. माणूस असं उत्तर बनवून आणत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं. पण अनुभव काही पुरावा नव्हे. खुळखुळ जागेवर होती, किलोमीटर जागेवर होते. मसुदा मी पुसायला लावला नाही. बाजूला ठेवला.

गुरुवारी मालकाचा पुरवणी जबाब घ्यायचा होता आणि गाडीचे जुने कागद बघायचे होते. ते मढला घरी होते. मी आणि हवालदार वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडीपलीकडे गेलो. बंगल्यात शूटिंग चालू होतं, म्हणून घरची माणसं मागच्या दोन खोल्यांत. मालक आत कागद शोधायला गेला. अंगणात त्याची आई जाळं विणत बसली होती, साठीच्या पुढची, अंगावर ठसठशीत सोनं. शेजारी वाळूत ओढून ठेवलेली एक होडी. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाला, एक लाल पुरचुंडी बांधलेली होती.

हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने.

मी जवळ जाऊन गाठ पाहिली. मग पंचनाम्याच्या वेळी मोबाइलवर घेतलेला फोटो उघडून ताडून पाहिली. तोच दोरा, तशीच गाठ.

"आई, ही पुरचुंडी कसली?"

"ती नाळेची. नवी होरी पान्यान घालताना बांदताव आमी. सुपारी, कवरी, तांब्याचा पैसा. मानूस सुकरूप परत येतं."

"आणि गाडीला?"

तिची सुई थांबली. तिने दाराकडे पाहिलं. "पोराला सांगू नको रे साहेबा. तो हसतंय मना."

"नाही सांगत. कुठे बांधलीत?"

"गारीची पूजा झाली तवा त्यानं पुरचा झाकन उगरलेला. तो नारल आनायला गेला, मी काचेखाली बांदली नि आत सोरली, दिसू नये म्हनून. होरी काय, गारी काय, नाळ पुरंच असते ना?"

"गाठ कसली मारलीत?"

"जाल्याची. ती कंदी सुटत नाय."

"गाठ सुटली नाही, आई," मी म्हटलं. "दोरा तुटला."

परत येताना फेरीबोटीत हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "साहेब, यापुढे धूळ पण लिहितो."

जॉबकार्ड पुन्हा पाहिलं. त्यात साफ लिहिलं होतं: पुढचं झाकण उघडून प्रेशरने धुलाई. पाण्याच्या त्या फवाऱ्याने दोरा तुटला, पुरचुंडी आतल्या हवेच्या पेटीत पडली आणि भिजलेलं फडकं दुसऱ्या दिवसापर्यंत सुटलं. म्हणजे मालकाचं म्हणणंही खोटं नव्हतं. आवाज गॅरेजमधूनच आला होता. सगळ्यांनी तो इंजिनात आणि चाकांत शोधला, कारण गाडीवाले बिघाड तिथे शोधतात. गाडीला होडी समजणाऱ्या बाईने तिथे हात घातला असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

शुक्रवारी सकाळी दहाला सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. मालक आला, आणि मी बोलावलं नसताना आईही आली. तिने स्वतःच मुलाला सांगून टाकलं होतं. पंचांसमोर मी मेकॅनिकलाच ती पेटी उघडायला लावली. हवालदार कुजबुजले, "त्याच्याच हातात देताय?" मी म्हटलं, "हो, त्याच्याच."

त्याने काचेखालचं प्लॅस्टिक काढलं. हात आत घातला. एक सुपारी, एक कवडी, एक तांब्याचा पैसा. शेवटी लाल फडकं, पार चोथा झालेलं. एकेक वस्तू त्याने टेबलावर ठेवली आणि पंचांनी सह्या केल्या. मढहून आणलेल्या कागदांशी पार्टचे नंबर ताडले, तेही जुळले. मग गाडी डावीकडे वळवून पाहिली, सगळी वळणं घेऊन पाहिली. आवाज गेला होता.

मालक आईकडे बघत म्हणाला, "आई, अगं मला सांगायचं ना."

"सांगून तू बांदू दिली असती? तुजा बाप दर्यावरनं परत यायचा, तो काय नुसता इंजिनावर?" मग ती मेकॅनिककडे वळली. "माज्यामुलं तुना चौकीन बसवलान रे पोरा. मना माफ कर."

तो म्हणाला, "नाही ओ आई. तुम्ही काय वाईट नव्हतं केलं."

मालक ओशाळला होता. "साहेब, मिटलं. मी तक्रार मागे घेतो. विषय संपला."

तिथे मी त्याला थांबवलं. तक्रार मागे घेतली की कागदावर राहतं 'तक्रार मागे घेतली'. वाचणारा समजतो की काहीतरी देऊन-घेऊन मिटवलं असणार. मला मुलुंडच्या त्या सेक्रेटरीचा प्रश्न आठवला. मी म्हटलं, "तुम्ही मागे घेऊ नका. मी चौकशी पूर्ण करतो." आणि तिथल्या तिथे अहवाल लिहिला: सदर तक्रारीत तथ्य आढळले नाही, गाडीचे सर्व भाग मूळचे आहेत, मेकॅनिकविरुद्ध कोणताही गुन्हा निष्पन्न होत नाही, अर्ज दफ्तरी दाखल. सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत त्याच्या हातात दिली. कॉम्प्युटरवरचा मसुदा माझ्यासमोर पुसायला लावला. दहिसरच्या ठाण्याला स्वतः फोन केला.

गाडी घरी नेली ती मात्र चूकच होती. मी त्याला म्हटलं, "ते तुझ्या गॅरेजमालकाला तू स्वतः सांग, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नकोस." त्याने सांगितलं, बोलणी खाल्ली. खबर देणारा त्याच गॅरेजातला निघाला. आखातातल्या त्या जागेसाठी तोही रांगेत होता. त्याने सांगितलेले किलोमीटर खरे होते, म्हणूनच मी फसत होतो. तेव्हापासून प्रत्येक खबरेसोबत मी एक जास्तीचा प्रश्न विचारत आलो: हे सांगून याला काय मिळणार आहे?

आणखी एक गोष्ट मी शिकलो. गाडीला हात लावलेल्या प्रत्येक पुरुषाला मी विचारलं. घरातल्या बाईला विचारावं हे मला दोन इंच दोऱ्याने शिकवलं, आणि तेही तो लिहून ठेवला होता म्हणून. नाहीतर गुरुवारी संध्याकाळी मी एका निर्दोष माणसावर पूर्ण आत्मविश्वासाने गुन्हा नोंदवला असता.

त्याचा दाखला शुक्रवारी दुपारी निघाला. आज तो तिकडच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक आहे. माझ्या अहवालाची ती प्रत दहिसरच्या खोलीत, त्याच्या वडिलांनी लॅमिनेट करवून घेऊन खिडकीजवळ लावली आहे. त्यांच्या मुलावर काही नाही, असं पोलिसांनी लिहून दिलेलं आहे.