खुन्याची जागा

"समोर उभं राहू नका!"

विचुंब्याच्या आमच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या राज्यविजेत्या बॉक्सरनं माझं स्वागत केलं ते या शब्दांत. तेही लिफ्टमध्ये! मी निमूटपणे भिंतीकडे तोंड करून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो.

सोसायटीच्या अध्यक्षांना सत्काराची भारी हौस. शाल घेऊन निघाले, तोच आवाज आला, "समोरून येऊ नका!" मग अध्यक्षांनी खेकड्यासारखं आडवं सरकत बाजूनं शाल घातली. मंडळी, फोटोत त्यांचा फक्त कान आलाय.

हसलो आम्ही. पण त्याच्यासमोर शेवटचा उभा राहिलेला माणूस अंतिम सामन्यात त्याच्या ठोशानं पडला, तो उठलाच नाही. पंच म्हणाले, ठोसा नियमात होता. त्यानं मात्र पुन्हा ग्लोव्हज घातले नाहीत.

त्या गेलेल्या मुलाची आई उरणहून पनवेलच्या बाजारात मासे विकायला येते. दर रविवारी हा सगळ्यांआधी तिच्या पाटीपाशी हजर. तमाशा बघायला मिळतो म्हणून मीही सोबत.

"आला खुनी! बाजूला हो. तुज्या हातची भवानी मना नको."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती चांगल्या हातानं व्हावी लागते. हा उजवा हात खिशात घालून गटाराच्या कडेला उभा राही. दुसऱ्या कुणाची भवानी झाली की याच्या पिशवीत सगळ्यात मऊ पडलेला बांगडा आपटला जाई. शिव्या मात्र ताज्या.

"कशाला ऐकून घेता?" मी एकदा विचारलं.

"बाकी सगळे शाली देतात," तो खेकसला. "एकदा तिनं माझ्या हातची भवानी घेऊ दे. तोवर येणार. तुम्हाला काय करायचंय?"

एका रविवारी गिऱ्हाईकच फिरकेना. उन्हं चढली. त्यानं हळूच नोट पुढे केली.

"मासं कुजलं तरी चालंल," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला. रविवारी मी एकटाच बाजारात.

"खुनी कुठं हाय?"

मी सांगितलं.

"मेला? मेला म्हंजे काय?" ती माझ्यावरच ओरडली.

मी नोट काढली. "मावशी, भवानी..."

"चल हट! आज भवानी नाय." तिनं भरल्या पाटीवर ओलं गोणपाट ओढलं.

तेवढ्यात एक बाई आली आणि गटाराच्या कडेला उभी राहून भाव विचारू लागली. कोळीण कोयता घेऊनच उठली.

"तिथून सरक! खुन्याची जागा हाय ती."