आधी रक्त पाहा

लघवी तुंबल्यामुळे मला कर्जतजवळच्या रुग्णालयात दाखल केले, आणि काही दिवस माझा देह हाच विद्यार्थ्यांचा पाठ झाला. मूत्रविकार विभागात शिकायला आलेली मुले रोज सकाळी माझ्या खाटेभोवती उभी राहत. नळी घातलेली, म्हणजे लघुशंका अखंड चालूच. मग कानावरचे जानवे उतरवायचे केव्हा? एके सकाळी माझा हा प्रश्न ऐकून बाकीची हसली. एक मुलगी तेवढी हसली नाही. "राहू द्या कानावरच, आजोबा. नळी निघाली की उतरवा," ती म्हणाली.

त्याच सकाळी त्यांच्या सरांनी बजावले, "अपघाताचा रुग्ण आला तर नळी घालण्याआधी नीट पाहा. इंद्रियाच्या तोंडाशी रक्त दिसले, तर आतली वाट फाटलेली असू शकते. तिथे नळी रेटलीत, तर उरलेली वाटही तोडाल."

दुपारी खोपोलीहून एका तरुणाला आणले. रिव्हर्स घेणारा टेंपो आणि भिंत यांच्यामध्ये तो चिरडला होता. कमरेचे हाड मोडलेले. त्याला माझ्या शेजारच्या खाटेवर ठेवले, तेव्हा ओटीपोट मडक्यासारखे फुगले होते आणि तो गुरासारखा हंबरत होता. धरायला आलेल्या वॉर्डबॉयच्या मनगटाचा त्याने चावा घेतला. त्या मुलीने चादर उचलून पाहिले, आणि चादर पुन्हा खाली सोडली.

"नळी टाक गं लवकर!" कडावहून धावत आलेला त्याचा थोरला भाऊ ओरडला. "पोट फुटंल त्याचं!"

"खालून नाही टाकता येणार. रक्त आहे. सरांना बोलावलंय, ते पोटातून वाट काढतील."

"ह्या म्हाताऱ्याला टाकलीस, मंग माझ्या भावाला का नाय? येत नसंल तर सरक, मीच टाकतो!"

त्याने ट्रेमधली नळी उचलली आणि वेष्टन दातांनी फाडले. तिने ती हिसकावली. तशी त्याने तिच्या तोंडावर अशी चपराक मारली की तिचे डोके लोखंडी स्टँडवर आदळले, सलाईनची बाटली खाली पडून फुटली. त्याने पुन्हा हात उगारला. मी लघवीची पिशवी हातात धरून कसाबसा उठलो आणि मध्ये उभा राहिलो.

त्याने मला ओळखले. गेल्या लग्नसराईत या जखमी भावाचे लग्न मीच लावले होते.

"गुरुजी, बाजूला व्हा!" मारायला त्याचा हात धजावला नाही, म्हणून त्याने मला नुसते लोटले, पण त्याची बोटे माझ्या नळीत अडकली. तो हिसका पोटात जळत्या सळईसारखा गेला. देवाचे नाव घ्यायचे होते. तोंडून निव्वळ किंकाळी निघाली. पिशवी लाल होऊ लागली.

मुलीच्या ओठातून रक्त गळत होते. मला खाटेवर बसवत ती त्याला म्हणाली, "बघा ही पिशवी. यांची वाट धड होती, तरी एका हिसक्यात हे झालं. तुमच्या भावाची आधीच फाटलीय."

तो पिशवीकडे पाहत राहिला.

सर धावत आले. "पाय धर रं त्याचे," त्यांनी थोरल्यालाच सांगितले, आणि त्याने धरले. बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन सरांनी ओटीपोटात जाड सुई भोसकली. तांबूस लघवीची चिळकांडी त्यांच्या छातीवर उडाली. जखमी किंचाळला, मग हुंदके देऊ लागला, आणि हळूहळू त्याच्या आवळलेल्या मुठी सुटल्या.

सर पिचकारीने पाणी सोडून माझी नळी धुऊ लागले. मुलगी ओठावर कापूस दाबून उभी होती. थोरला तिच्यासमोर आला, तशी ती पाऊलभर मागे सरली.

"डॉक्टरबाई, पोरंबाळं व्हतील ना ह्याला?"

ज्या वधूवरांच्या संततीसाठी मी मंत्र म्हटले होते, त्यांच्याविषयी हा प्रश्न त्याने मला विचारू नये, अशी आशा करत मी मान खाली घातली.

"आज सांगता येणार नाही," ती म्हणाली. "वाट जुळवायची शस्त्रक्रिया पुढे करावी लागेल. त्यानंतर कळेल."

त्याच्या मुठी वळल्या. ती तिथेच उभी राहिली. मग तो मटकन खाली, फुटलेल्या काचांतच बसला.